जुनी चेनसॉ पुन्हा चालू करताना : आधी निदान, मग पॉलिश

जुनी चेनसॉ ताब्यात आली की पहिला हात स्टार्टरच्या दोरीकडे जातो. हा मोह आवरावा. वर्षानुवर्षे अडगळीत पडलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढलेला असू शकतो, रिंगा आपापल्या खाचांत चिकटून बसलेल्या असू शकतात आणि सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले असू शकते. अशा अवस्थेत इंजिन कोरडेच ओढले, तर जे दुरुस्त होण्याजोगे होते तेही ओरखडून निघते. दोरी ओढण्याआधी स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून थोडे टू-स्ट्रोक ऑइल सोडावे, यंत्र रात्रभर तसेच ठेवावे आणि मग फ्लायव्हील (क्रँकशाफ्टच्या टोकावरचे जड चाक) हाताने सावकाश फिरवून पाहावे.

प्रत्येक जुने यंत्र कोणत्या ना कोणत्या कारणाने बंद पडलेले असते. मालकाने नवीन घेतली म्हणून चालू स्थितीत बाजूला ठेवलेल्या चेनसॉही मिळतात, पण त्या थोड्या. बाकीच्यांच्या बाबतीत बंद पडण्याचे कारण अजूनही यंत्राच्या पोटात बसलेले असते. ते न शोधता नवा पिस्टन बसवला आणि वर रंगाचा हात फिरवला, तर पहिल्याच मोठ्या ओंडक्यावर नवा पिस्टनही जुन्याच्याच वाटेने जातो. त्यामुळे पुढे दिलेला क्रम तपासणीचा आहे; सुटे भाग मागवणे, घासणे आणि चमकवणे हे त्यानंतर येते.

यंत्राची निवड

जर्मनीत एमिल लेर्प यांनी १९२७ मध्ये डोल्मार डोंगरावर ज्या पेट्रोल करवतीची चाचणी घेतली, तिचे वजन ५८ किलो होते आणि ती चालवायला दोन माणसे लागत. १९४९ मध्ये आलेली मॅककलक कंपनीची ३-२५ ही एका माणसाने वापरायची चेनसॉ सुमारे ११ किलोची होती, तर १९५९ मध्ये स्टिल कंपनीने आणलेल्या कॉन्ट्रा या मॉडेलमध्ये मधली गिअरपेटी काढून टाकून साखळी थेट क्रँकशाफ्टवरून फिरवली गेली. दुरुस्ती करणाऱ्याला या टप्प्यांचा थेट उपयोग असतो. गिअरपेटी असलेल्या यंत्रात तिचे तेल वेगळे तपासावे लागते आणि तिची सीलही वेगळी गळते. फार जुन्या यंत्रांत फ्लोट असलेले कार्बोरेटर सापडतात आणि ती यंत्रे आडवी धरली की बंद पडतात, यात बिघाड काहीच नसतो.

नवशिक्याने पहिले यंत्र १९६० ते १९८० च्या दरम्यानचे, डायाफ्राम कार्बोरेटरचे आणि ज्याच्या अनेक प्रती विकल्या गेल्या असे निवडावे. दुर्मीळ मॉडेल पाहून हुरळून जाऊ नये, कारण त्याची ऑइल सील किंवा पिस्टन शोधण्यात जो वेळ जातो त्यात दोन साधी यंत्रे उभी राहतात. एकाच मॉडेलची दोन बंद यंत्रे मिळाली तर ती अवश्य घ्यावीत; एकाचे प्लॅस्टिकचे झाकण आणि दुसऱ्याचे क्रँककेस अशी जुळणी या छंदात नेहमीची आहे.

सायलेन्सर काढून आत पाहणे

सायलेन्सर सहसा दोन-तीन बोल्टवर बसलेला असतो. तो काढला की एक्झॉस्टच्या खिडकीतून पिस्टनची बाजू आणि रिंगा थेट दिसतात. बारीक टॉर्च धरून फ्लायव्हील हळूहळू फिरवावे. पिस्टनच्या बाजूवर यंत्रकामाच्या बारीक आडव्या रेषा अजून दिसत असतील आणि रिंगा खिडकीत थोड्या हलत असतील, तर इंजिनाचा गाभा चांगला आहे असे समजावे. उभे, खरबरीत, ॲल्युमिनियम विस्कटून पसरल्यासारखे पट्टे दिसले, तर पिस्टन कधीतरी सीझ झालेला, म्हणजे सिलिंडरला चिकटून अडकलेला आहे आणि पुढचा प्रश्न तो कशामुळे झाला हा आहे.

त्याचे उत्तर पट्टे कोठे आहेत यावरून बऱ्याच वेळा मिळते. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाल्याने इंजिन तापले असण्याची शक्यता मोठी असते. म्हणजे हवेची गळती, तुंबलेला फिल्टर किंवा चुकीचे कार्बोरेटर सेटिंग शोधावे. पिस्टन सगळीकडून सारखाच ओरखडलेला असेल, तर कोणीतरी तेल न मिसळता नुसते पेट्रोल भरले होते, आणि अशा यंत्रात बाकी काही बिघाड नसण्याचीही शक्यता असते. इनटेकच्या बाजूला खालचा भाग राखाडी, निस्तेज आणि झिजलेला असेल, तर एअर फिल्टर फाटला होता किंवा नीट बसत नव्हता आणि लाकडाची बारीक धूळ आत जात होती. आणि पिस्टनच्या माथ्यावर ठोकल्यासारखे खड्डे असतील, तर बेअरिंगचा एखादा तुकडा आत फिरून गेला आहे. अशा वेळी क्रँककेस पूर्ण उघडल्याशिवाय इलाज नाही.

यानंतर कॉम्प्रेशन मोजावे. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून काटा स्थिर होईपर्यंत दोरी ओढली असता १२० ते १५० पीएसआय आले तर इंजिन सुदृढ आहे. ९० च्या खाली ते सुरू होणे कठीण असते आणि झाले तरी जोर देत नाही. गेज घेताना त्याचा व्हॉल्व्ह टोकाशीच आहे याची खात्री करावी. मोटारीसाठीच्या लांब नळीच्या गेजमध्ये व्हॉल्व्ह दूर असला, तर चेनसॉच्या छोट्या सिलिंडरची बरीच हवा नळीतच मावते आणि चांगले इंजिनही अशक्त दिसते. आत तेल सोडलेले असताना आकडा वाढीव येतो, हेही लक्षात ठेवावे.

ठिणगी

जुन्या यंत्रांत ठिणगी नसणे हा सर्वांत सोपा बिघाड असतो, पण लोक नवी कॉईल विकत घेऊन तो महाग करतात. १९७० पर्यंतच्या बहुसंख्य चेनसॉमध्ये फ्लायव्हीलच्या मागे पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर असतात. पॉइंटच्या तोंडावर वर्षांनुवर्षांच्या दमटपणामुळे नजरेला न दिसणारा थर चढतो आणि प्रवाह अडतो. फ्लायव्हील योग्य पुलरने काढावे. क्रँकशाफ्टच्या टोकावर हातोडी मारली तर आटे जातात आणि बेअरिंगलाही मार बसतो. पॉइंटची तोंडे बारीक कानशीने हलकेच समतल करून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कोऱ्या जाड कागदाची पट्टी त्यांच्यामधून ओढावी, आणि पट्टी स्वच्छ बाहेर येईपर्यंत हे करावे. मग फीलर गेजने अंतर साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर ठेवावे. तरीही ठिणगी पिवळट आणि अशक्त असेल, तर कंडेन्सर बदलावा. कॉईलवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. कॉईल आणि फ्लायव्हीलमधली फट ०.२५ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. फ्लायव्हीलची चावी (त्याला शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) तुटली आहे का हेही याच वेळी पाहावे, कारण ती अर्धवट सरकली तर ठिणगी उत्तम असूनही टायमिंग चुकते आणि दोरी हाताला झटका देते.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवता येते आणि ते चांगले चालतेही. तरी मला मूळ पॉइंट ठेवणे अधिक पटते, कारण पॉइंट साफ करता येतात, मॉड्यूल मात्र गेले की फेकावेच लागते.

कार्बोरेटर

डायाफ्राम कार्बोरेटरमध्ये दोन पातळ पडदे असतात. एका बाजूचा पडदा क्रँककेसमधल्या दाबाच्या धक्क्यांवर पंपासारखा हलून टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा पडदा एका छोट्या लिव्हरला दाबून सुई उघडतो आणि इंजिनाला हवे तेवढेच पेट्रोल सोडतो. वयोमानाने हे पडदे कागदासारखे कडक होतात. बोटाने दाबल्यावर पडदा कुरकुरीत वाजला, तर साफसफाईत वेळ न दवडता दुरुस्ती-किट आणावे.

उघडण्याआधी फोटो काढावेत. पडदा आधी की गास्केट आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना सारखाच असेल असे नाही, आणि तो उलटा झाला तर कार्बोरेटर नवा असूनही चालत नाही. एच (वेगवान गतीचा) आणि एल (मंद गतीचा) हे मिश्रणाचे दोन्ही स्क्रू पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहून ठेवावे आणि मगच ते काढावेत. आत घट्ट आवळू नयेत. त्यांच्या टोकाच्या सुया मऊ बैठकीत रुतल्या तर बैठक कायमची खराब होते. कार्बोरेटरचा धातूचा सांगाडा क्लीनरने धुऊन प्रत्येक वाट हवेने फुंकावी. तारा किंवा सुया घालून छिद्रे साफ करण्याचा उत्साह दाखवू नये, कारण ही छिद्रे अचूक मापाने पाडलेली असतात.

सगळ्यांत जास्त चुका लिव्हरच्या उंचीत होतात. टिलॉटसन कंपनीच्या एचएल मालिकेतल्या कार्बोरेटरमध्ये लिव्हरचे टोक चेंबरच्या तळाशी समपातळीत असावे लागते. वॉल्ब्रोच्या अनेक कार्बोरेटरमध्ये माप वेगळे असते, म्हणून आपल्या मॉडेलचे माप पुस्तिकेतून पाहूनच घ्यावे. लिव्हर किंचित वर राहिला तर पेट्रोल वाहत राहते आणि प्लग ओला होतो. किंचित खाली राहिला तर इंजिन उपाशी राहते आणि गरम होते. वाकवताना सुई बैठकीवर दाबली जाणार नाही अशा बेताने लिव्हर धरावा. टाकीतली पेट्रोलची नळी आणि फिल्टर मात्र तपासत बसू नयेत, सरळ बदलावेत.

हवेची गळती

या टप्प्याला सगळे कंटाळतात आणि म्हणूनच बरीचशी दुरुस्त केलेली यंत्रे महिन्याभरात पुन्हा बंद पडतात. टू-स्ट्रोक इंजिनाचे क्रँककेस हा इंधन ओढणाऱ्या यंत्रणेचाच भाग असतो. क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी सील कडक झाली, सिलिंडरच्या तळाचे गास्केट फुटले किंवा कार्बोरेटरमागची रबरी नळी तडकली, की जादा हवा आत शिरते, मिश्रणातले पेट्रोल आणि त्याबरोबरचे तेल कमी पडते आणि पिस्टन सुकतो. यंत्र आडवे-उभे केल्यावर मंद गती आपोआप बदलते, थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली उतरत नाही, कार्बोरेटर कितीही फिरवला तरी सेटिंग टिकत नाही, ही या गळतीची लक्षणे.

तपासणीसाठी एक्झॉस्ट आणि इनटेक जाड रबराच्या पट्टीने बंद करावेत, प्लगच्या छिद्रात जोडणी बसवावी आणि हातपंपाने सुमारे ०.५ बार दाब द्यावा. काटा स्थिर राहायला हवा. तो उतरू लागला, तर सांध्यांवर आणि सीलवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधावेत. दाब टिकला तरी काम संपत नाही. त्याच जोडणीतून तेवढाच निर्वात करून पाहावा. सीलची ओठासारखी कड आतून दाब आला की शाफ्टला आणखी चिकटते आणि चांगली भासते, पण ओढ लागली की तीच कड हवा आत सोडते. निर्वात चाचणी टाळल्यामुळे खराब सील चांगली ठरते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी मारला जातो.

जुनी सील काढताना तिच्या धातूच्या कडीत बारीक छिद्र पाडून छोटा स्क्रू बसवावा आणि पकडीने ओढावे. पेचकस घालून उचकटताना शाफ्टवर चरा पडला, तर नवी सील त्याच चऱ्यातून गळते. मॅककलक, होमलाइट यांसारख्या अनेक जुन्या यंत्रांत कार्बोरेटरमागे रीड व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पातळ पात्या उचललेल्या किंवा तडकलेल्या नाहीत हेही पाहून घ्यावे.

खोलणे आणि साफ करणे

क्लच काढताना लक्षात ठेवायचे ते एवढेच की बहुतेक चेनसॉमध्ये त्याला उलटे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटतो. पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या छिद्रातून स्वच्छ सुती दोरी आत सोडावी. लोखंडी वस्तू आत घालू नये. अडकलेले स्क्रू जोर लावून फिरवण्याऐवजी आधी गंज सोडवणारे तेल लावून थांबावे, भोवतालचा भाग हीट गनने तापवावा आणि मग इम्पॅक्ट पेचकसाने ठोकून सोडवावे. मॅग्नेशियमच्या शरीरात पोलादी स्क्रू घट्ट धरतो आणि बाहेर येताना आटे सोबत आणतो. आटे गेलेच, तर तारेची आटे-इन्सर्ट बसवावी. ती मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ ठरते. स्टार्टरची स्प्रिंग उघडताना चष्मा घालावा, कारण गुंडाळलेली पट्टी एका झटक्यात बाहेर येते.

जुन्या चेनसॉचे क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमचे असते, त्यामुळे गंज काढण्यासाठी व्हिनेगर किंवा लिंबाम्लाच्या द्रावणात ते बुडवू नये; आम्ल ते खाऊन टाकते. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोडा वर्ज्य आहे. रॉकेल, ताठ ब्रश आणि धीर यांनी जवळजवळ सगळी घाण निघते. मॅग्नेशियम घासल्यावर उरलेला कीस ज्वालाग्राही असतो आणि तो पेटला तर त्यावर पाणी टाकणे धोक्याचे आहे, कोरडी वाळू हाताशी असावी. जुन्या गास्केटमध्ये ॲस्बेस्टॉस आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून दोन्ही कोरडे खरवडू नयेत. ओले करून काढावेत.

सिलिंडरवर पिस्टनचे ॲल्युमिनियम चिकटलेले असेल, तर आधी भिंत कशाची आहे ते ओळखावे. क्रोमचा किंवा निकासिलचा मुलामा असेल, तर होनिंगचे (भिंत घासण्याचे) दगड फिरवू नयेत. कापसाच्या काडीने हायड्रोक्लोरिक आम्ल फक्त चिकटलेल्या ॲल्युमिनियमवर लावावे. फेस येतो, तो थांबला की पुसून पुन्हा लावावे. पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या कडांना मुलामा नसतो, तिथे थेंब पोचला तर सिलिंडरच खाल्ला जातो. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून करावे, आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने व नंतर साध्या पाण्याने धुऊन लगेच तेल लावावे. मुलामा निघून खालचे ॲल्युमिनियम उघडे पडले असेल, तर तो सिलिंडर गेला असे समजावे.

नवी रिंग आधी सिलिंडरमध्ये एकटीच सरकवून तिच्या टोकांमधली फट मोजावी. दर २५ मिलिमीटर व्यासाला सुमारे ०.१ मिलिमीटर हा ढोबळ नियम आहे, म्हणजे ५० मिलिमीटरच्या सिलिंडरला ०.२ च्या आसपास. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे ठेवावा आणि पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या वापराव्यात.

बार आणि साखळी

१९४७ मध्ये जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीच्या जबड्यांवरून जी साखळी बाजारात आणली, तिच्याच वंशातल्या साखळ्या आजही वापरात आहेत, त्यामुळे बहुतेक जुन्या यंत्रांना नवी साखळी मिळते. पिच ओळखण्यासाठी लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधले अंतर मोजून दोनाने भागावे. अर्धा इंच किंवा ७/१६ इंच पिचची साखळी सापडत नसेल, तर स्प्रॉकेट (साखळी फिरवणारे दातेरी चाक) आणि बार (साखळी जिच्या कडेने धावते ती पट्टी) बदलून .४०४ किंवा ३/८ इंचावर यावे. या दोन्हींना सामान्यतः ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते. बारच्या कडा चपट्या कानशीने काटकोनात आणाव्यात आणि तेलाचे छिद्र मोकळे करावे. अनेक जुन्या यंत्रांत साखळीचे तेल अंगठ्याने दाबायच्या पंपाने सोडावे लागते. कापताना अंगठ्याला ती सवय लावून घ्यावी लागते.

पहिली सुरुवात आणि सेटिंग

जुन्या टाकीच्या झाकणावर १६:१ किंवा २०:१ असे प्रमाण लिहिलेले असते, पण ते त्या काळच्या साध्या इंजिन ऑइलसाठी होते. आजच्या चांगल्या टू-स्ट्रोक ऑइलबरोबर ३२:१ किंवा ४०:१ पुरेसे आहे. इथेनॉल नसलेले पेट्रोल मिळाले तर तेच वापरावे. इथेनॉल पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते.

एच आणि एल दोन्ही स्क्रू एक-एक फेरा बाहेर ठेवून सुरुवात करावी. इंजिन गरम झाल्यावर एल फिरवून मंद गती जास्तीत जास्त जिथे येते तिथून किंचित बाहेर यावे आणि मग आयडल स्क्रूने साखळी थांबेल इतकी गती खाली आणावी. एच स्क्रू कानाने लावायचा असतो. पूर्ण थ्रॉटलला, भार नसताना, आवाज थोडा फाटलेला, अडखळता यावा आणि लाकडात बार टेकवताच तो सुरेल व्हावा. मोकळ्यावरही आवाज तीक्ष्ण, शिटीसारखा येत असेल, तर मिश्रण कोरडे आहे, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आहे. लगेच थ्रॉटल सोडून एच बाहेर फिरवावा. भाराविना पूर्ण थ्रॉटल काही सेकंदांपेक्षा जास्त धरू नये. सेटिंग काही केल्या टिकत नसेल, तर पुन्हा दाब आणि निर्वात चाचणीकडे वळावे.

यांपैकी बहुतेक यंत्रांत चेन ब्रेक नसतो आणि अनेकांत कंपन शोषणारे रबरही नसते. म्हणून हेल्मेट, कानाचे संरक्षण, चष्मा आणि कापरोधक पॅन्ट यांशिवाय ती चालवू नयेत, डाव्या हाताचा अंगठा हँडलभोवती पूर्ण वळलेला असावा आणि बारचे वरचे टोक लाकडाला लागू देऊ नये. घोडीवर घट्ट ठेवलेल्या ओंडक्याच्या चकत्या कापणे हे त्यांच्यासाठी योग्य काम. झाड पाडणे आणि फांद्या छाटणे आधुनिक यंत्रावर सोडावे. सलग कंपनाने बोटे पांढरी आणि बधिर होऊ लागली, तर त्या दिवशी काम थांबवावे.

रंगाबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते मूळ रंगाचा निम्मा भागही शाबूत असेल, तर तो धुऊन मेण लावून ठेवावा. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत आणता येत नाही. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून दोन-तीनदा दोरी ओढावी आणि पिस्टन पोर्ट झाकेल अशा स्थितीत थांबवावा. शेवटी यंत्रावर एक चिठ्ठी बांधावी : काय बदलले, स्क्रूंचे फेरे किती, कॉम्प्रेशन किती आणि मूळ बिघाड कोणता सापडला.